लंगड्या पायाचा शब्द

"हे माझे सासरे आहेत," असं धनश्रीनं भर शेडमध्ये, पंधरा-वीस माणसांच्या देखत, चांगल्या खणखणीत आवाजात सांगून टाकलं आणि कुणाची मानसुद्धा वळली नाही. वळणार कशी? सांगितलं होतं चिनी भाषेत. ती समजणारा अख्ख्या कारखान्यात एकच इसम होता, लिऊ, विणाईची नवी मशीन बसवून द्यायला चीनहून आलेला पन्नाशीचा मिस्त्री, आणि तो हातातला पाना तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला होता. सुपरवायझर अमोल पलीकडे मोबाइलवर कुणाला तरी झाला प्रकार सांगत होता. दोघे-तिघे खाली वाकून तुटलेले धागे गोळा करत होते. आणि ज्यांच्याविषयी हे चाललं होतं ते हिलाल पाटील, घरातले आबा, भिंतीपाशी सुताच्या रिकाम्या खोक्यावर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. धनश्रीला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. कसला उतरतोय. ज्या कबुलीची काही किंमतच मोजावी लागत नाही तिनं काही उतरत नसतं. उलट आपण किती स्वस्तात सुटायला निघालो होतो तेवढं कळतं, आणि ते कळल्यावर तिच्या कानशिलांपासून मानेपर्यंत सगळं तापत गेलं.

"आ," लिऊ लांबवून म्हणाला. त्यानं एकदा आबांकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि मग एक शब्द टाकला, "गान्-गा." तिला तो येत नव्हता. तशी तिची चिनी भाषा कामापुरती, दोन वर्षं क्लास लावून शिकलेली. लग्नाआधी सुरतेत रिंग रोडच्या एका व्यापाऱ्याकडे होती तेव्हा चीनमधून लेस आणि जरी मागवताना ती कामी आली, आणि आता इथे इच्छापोरला नवीन मशीन आली म्हणून तिला दुभाषी नेमलं. धागा, फणी, पंप, दिवा, बंद करा, चालू करा, हे सगळं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. माफी मागायचा शब्दही येत होता, पु हाओ इस्स. तोच ना, असं तिनं विचारलं. लिऊनं नाही म्हणून मान हलवली. तो शब्द कुणाच्या पायावर पाय पडला तर म्हणायचा, म्हणाला. हा वेगळा. असं म्हणून त्यानं मशीनच्या झाकणावर साचलेल्या धुळीत बोटानं दोन अक्षरं काढली. दोन्हींत एक वाकडा पाय होता, लंगड्या माणसाचा. त्याला लहानपणी मास्तरांनी असं शिकवलं होतं म्हणे, की पहिल्यात लंगड्यावर कुणीतरी नजर ठेवून बसलंय आणि दुसऱ्यात तो मधोमध अडकलाय. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही आणि बघणारा तर हलत नाही. खरं-खोटं त्याच्या मास्तरांना ठाऊक. पण धनश्री त्या अक्षरांकडे बघत राहिली ती राहिलीच, आणि अमोल फोन ठेवून येतोय असं दिसल्यावर तिनं ती ओढणीच्या टोकानं पुसून टाकली. अमोलला चिनी अक्षरं वाचता येत नव्हती, तरीही पुसली.

झालं होतं ते असं. नव्या मशीनवर घेता येतील अशी जुनीजाणती माणसं ठेकेदारानं आणली होती आणि आठवडाभर त्यांची परीक्षा चालली होती. ज्यांची नावं अमोल उद्या साहेबांना देईल ती राहणार, बाकीच्यांनी घरचा रस्ता धरायचा. दुपारी आबांच्या मशीनवर आडवा धागा तुटला, मशीन थांबलं, पिवळा दिवा लागला. लिंबायतच्या जुन्या साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, उभा जन्म काढलेला माणूस धागा तुटल्यावर जे करील तेच आबांनी केलं. हात आत घातला, टोक शोधायला. आणि मशीन आपण होऊन मागे फिरलं. या मशीनची रीतच तशी. पिवळा दिवा लागला की ते स्वतःच मागे फिरून तुटल्या जागी येऊन थांबतं, दिवा विझेपर्यंत कुणी हात लावायचा नसतो. लिऊनं झेप घेऊन लाल बटण दाबलं म्हणून बोटं वाचली. पण ताण्याचे निम्मे धागे ताडताड तुटून पिंजारल्या केसांसारखे लोंबायला लागले, आणि अमोल धावत आला. "चाचा, समजावलं होतं ना तुम्हाला? हात गेला असता तर माझ्या गळ्यात आलं असतं." आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला कुणी सांगितलं नाही, असं काही ते म्हणाले नाहीत. मग अमोल हिच्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही दिव्याचं समजावलं होतं ना यांना?" "हो, समजावलं होतं," धनश्री म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं. सकाळीच समजावलं होतं, लिऊनं वाक्य म्हटलं होतं, हिनं ते मराठीत केलं होतं आणि आबांनी "समजनं, समजनं" म्हणून मान हलवली होती. "मग नाइलाज आहे," अमोल म्हणाला. "यांचं नाव मी काही देत नाही." लिऊ हे सगळं बघत होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण माणसं कळत होती. सगळ्यांशी तू समोर बघून बोलतेस, तो म्हणाला, या एकाशीच तोंड झाकून आणि बाजूला वळून बोलतेस. तोही तुझ्याकडे बघत नाही, मशीनकडे बघतो. तुमचं काय वैर आहे का? तेव्हा ती ते वाक्य बोलून गेली. सासऱ्याला चिनीत कुंगकुंग म्हणतात. क्लासमध्ये हा शब्द आला तेव्हा सगळ्या मुली खिदळल्या होत्या.

सुटी झाल्यावर स्टाफच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती त्या शब्दाला मराठी शब्द शोधत होती. दुभाषीपणाची खोड, दुसरं काय. लाज म्हणावं तर लाजेत कुठेतरी थोडी गोडी असते. शरम म्हणावं तर तिला गुन्हा लागतो. ओशाळणं जवळचं होतं. अवघडणंही जवळचं, मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला जे होतं तसं मनाला. शाळेत एक बाई कानकोंडं होणं म्हणायच्या, ते आणखी जवळचं. पण यांतल्या कुठल्याच शब्दात तो बघणारा बसलेला नव्हता. आणि आपल्याकडे कोण बघत होतं? आबा तर कधीच बघत नव्हते. लग्न होऊन ती या घरात आली त्याला चार वर्षं होत आली, आणि इतक्या दिवसांत सासऱ्यानं सुनेच्या तोंडाकडे बघितल्याचं तिला आठवत नव्हतं. दोघांमध्ये सरळ बोलणंही नव्हतं. आबा दारातून आत यायच्या आधी खाकरायचे, ती डोक्यावर पदर घ्यायची, त्याचं टोक ओठांपर्यंत ओढायची आणि भिंतीला लागून उभी राहायची. चहा हवा असला तर आबा सासूबाईंना म्हणायचे, "तिले सांग, चहा टाक." चहा झाला की ती सासूबाईंना सांगायची, "आई, आबांना म्हणा चहा झाला." तिघं एकाच खोलीत, हात लांबवला तर एकमेकांना लागेल एवढ्यात. खानदेशातल्या त्यांच्या गावी अजून ही रीत होती, आणि सुरतेत लिंबायतच्या गल्लीतही काही घरांनी ती सांभाळली होती. तिच्या माहेरी, नवागामला, असलं काही नव्हतं. तिचे वडील हयात होते तेव्हा ती त्यांच्या ताटातलं उचलून खायची. पण इथे आल्यावर तिनं हे सगळं आपणहून अंगावर घेतलं, कुणी सक्ती केली नव्हती. खरं सांगायचं तर तिला त्याचा तोरा होता. चिनी बोलते, कंपनीत मॅडम म्हणवते, आणि घरी सासऱ्यासमोर पदर ढळू देत नाही, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या तेव्हा तिला आतून गुदगुल्या व्हायच्या.

मग लिंबायतची जुनी साचाशेड मालकानं मोडीत काढली आणि आबा घरी बसले. घरी बसले म्हणजे काय, ते तिनं पाहिलं होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी अंघोळ करून, शर्टाचं वरचं बटण लावून ते उंबऱ्याशी बसायचे. गल्लीतली माणसं डबा घेऊन निघाली की यांची नजर त्या डब्यांमागे जायची. दिवसातून दोनदा अंगण झाडायचे. त्यांचे हात कधी स्थिर नसायचे, मांडीवर ठेवलेले असले तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत असायचं, न दिसणाऱ्या धाग्याला गाठ मारावी तसं. एकदा चेतन, तिचा नवरा, म्हणाला, "आबा, आता आराम करा." आबा नुसते हसले, आणि त्या रात्री जेवले नाहीत. म्हणून ठेकेदारामार्फत त्यांना इच्छापोरचं बोलावणं आलं तेव्हा घरात सणासारखं झालं होतं. कुठला कारखाना हे कळल्यावर चेतन म्हणाला, चला, सासरा-सून एका कंपनीत. सासूबाई हसल्या. धनश्रीही हसली. आणि पहिल्याच दिवशी, नव्या शेडमध्ये माणसांची रांग उभी होती, त्यात तिसरे आबा, धुतलेला पांढरा शर्ट, पायात तिनं स्वतः काल धुऊन ठेवलेल्या चपला. लिऊ तिच्या शेजारी होता, साहेब होते, अमोल होता. तिच्या गळ्यात ओळखपत्र, अंगात कुर्ता आणि जीन्स, डोक्यावर काही नाही. आबांनी तिला पाहिलं आणि लगेच नजर छताकडे नेली. अमोल सहज म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण पाटील, हे पण पाटील. ओळखीचे का?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही हो. पाटील काय, लिंबायतमध्ये ढिगानं मिळतील." सगळे हसले. आबा चांगले दहा पावलांवर होते, मशीनचा आवाज एवढा होता की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. त्यांना ऐकू गेलं नसणार, हे तिनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. त्या दिवसापासून दोघंही घरी त्या कारखान्याचं नाव काढत नव्हती. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. आबा सकाळी तिच्या बरंच आधी निघून शेअर रिक्षानं जायचे, ती बसनं. तिला वाटायचं, त्यांनाही आपल्यासारखीच लाज वाटते, सून मॅडम आणि आपण रांगेत. त्या विचारानं तिला जरा बरंही वाटायचं. लाज वाटून घेतली की निम्मी होते.

आणि शेडमध्ये त्यांना काही सांगायची वेळ आली की ती ओढणी नाकावरून ओढून घ्यायची. लोकांना वाटायचं, मॅडमना धाग्याची भुरभुर सोसत नाही. तसं वाटलं तर वाटू दे. तिला त्यात दोन्ही साधत होतं, घरची रीतही पाळली जात होती आणि इथलं नातंही झाकलं जात होतं. आपली ही हुशारी तिला चांगली आवडली होती.

लिंबायतला उतरून ती घरी आली तेव्हा अजून उजेड होता. आबा आलेले होते. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. सासूबाई, मालतीबाई, गॅसशी बसून भाकरी थापत होत्या. धनश्रीनं हातपाय धुतले, साडी नेसली, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली. मग म्हणाली, "आई, आज कंपनीत..." "माहीत शे," मालतीबाई तव्याकडेच बघत म्हणाल्या. "त्यानी सांगं. हात वाचना, देव पावना." "मी त्यांना सकाळी सांगितलं होतं आई. दिवा विझेपर्यंत हात घालायचा नाही म्हणून. ते समजलं म्हणाले." मालतीबाईंचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तोंडावर ओढलेल्या पदराकडे पाहिलं. "असाच सांगं का? पदर घीसन?" धनश्रीनं मान डोलावली. मालतीबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, पुन्हा उलटली, मग एकदम हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "अवं माय, त्याना कान कव्हयच गयात. सारी उमर साच्यावर गयी, कान ऱ्हातीन का? तो तोंड देखीसन समजस. तुनं तोंड त्यानी कधी देखं शे?"

धनश्रीला एकदम कितीतरी गोष्टी दिसल्या, आणि त्या रोज डोळ्यांसमोर घडत होत्या याचंच तिला नवल वाटलं. सासूबाई आबांशी बोलायच्या तेव्हा आवाज जवळजवळ काढायच्याच नाहीत, नुसते ओठ हलायचे. तिला वाटायचं, सुनेपासून काही खाजगी चाललंय, आणि ती उठून बाहेर जायची. तरुणपणी मालतीबाईही साचाशेडमध्ये बॉबिन भरायच्या, त्या गोंगाटात सगळेच असं ओठांनी बोलायला शिकतात, हे तिला माहेरीही ठाऊक होतं, तिचे वडीलही तसंच बोलायचे. पण आबांचं तिच्या लक्षात आलं नाही, कारण आबा तिच्याशी बोलतच नव्हते आणि तिच्याकडे बघतच नव्हते. टीव्हीचा आवाज ते कधी वाढवत नसत, नुसते चेहरे बघत. पाठीमागून हाक मारली की वळत नसत, आणि तिला वाटायचं, म्हातारा जरा घुमा आहे. सकाळी ती त्यांच्यासमोर उभी राहिली होती, ओढणी डोळ्यांखालपर्यंत, मान वळवलेली, आवाज मर्यादेनं खाली, आणि तिनं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं. सून काहीतरी सांगतेय, तिला पुन्हा विचारणं बरं दिसत नाही, म्हणून ते समजनं, समजनं म्हणाले होते. जिला ती रीत म्हणून मिरवत होती तीच रीत त्यांचा हात तोडणार होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मालतीबाई काही मुद्दाम टोचायचं म्हणून नाही, भाकरी शेकता शेकता बोलावं तशा बोलत गेल्या. "पहिले दिन घर उना आनि माले सांगस, सून तठे माले वळखत नही म्हने. लिंबायतमा पाटील ढीगभर शेत म्हने." दहा पावलं. मशीनचा आवाज. तो आवाज बाकीच्यांसाठी होता, आबांसाठी तिथे शांतताच होती, आणि त्या शांततेत तिचं तोंड त्या दिवशी पूर्ण उघडं होतं. छताकडे गेलेली नजर तेवढ्यात एकदा खाली आली असणार. चार वर्षांत सासऱ्यानं सुनेच्या ओठांवरून वाचलेलं पहिलं वाक्य ते होतं. "रागावले असतील," ती कशीबशी म्हणाली. "कसाले रागावतीन? म्हने, बरं करं तिनी. मॅडम म्हनतस तिले तठे, मना मुळे तिले कमीपना नको. म्हनीसन तर सकायले पहिले निंघी जास, तुना संगे कोनी देखाले नको." मालतीबाईंनी भाकरी ताटात टाकली आणि तिच्यापुढे सरकवली. "जेव."

ती जेवली नाही, पण ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली. लाज वाटून घेतली की निम्मी होते, असं तिला दुपारपर्यंत वाटत होतं. आता कळलं की आबांकडे लाज नव्हतीच. तिनं त्यांच्या नावावर आपली अर्धी लाज उगाच लिहून ठेवली होती, आणि आता ती सगळीच्या सगळी परत आली होती. आतून आबा खोकले. तिनं सवयीनं पदर पुढे ओढला आणि ओढता ओढताच तिला स्वतःचा इतका संताप आला की तिनं तो अर्ध्यावरच सोडून दिला. जाऊन त्यांच्या समोर उभं राहावं, पाय धरावेत, असं वाटलं. पण पाय धरणं सोपं होतं. घरात धरले असते तर ते पुन्हा चिनीतच बोलल्यासारखं झालं असतं, जिथे सांगायला हवं तिथल्या कुणाला ते कळलं नसतं. आणि तिथे सांगायचं म्हणजे नुसतं नातं सांगून भागणार नव्हतं. तोंड झाकून सांगितलं हे कबूल करायचं म्हणजे त्यांना ऐकू येत नाही हे उघडं करायचं, आणि बहिऱ्या माणसाला नवीन मशीन कोण देतो? गप्प बसलं तर अमोल नाव देत नाही. बोललं तर कदाचित कुणीच कधी देणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चेतन आल्यावर तिला विचारत होता, बरं नाही का, आणि ती डोकं दुखतंय म्हणाली, कारण डोकं दुखतंय म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत.

सकाळी ती उठली तेव्हा आबा निघून गेलेले होते. आज परीक्षा नव्हती, नाव लागणार नव्हतं, तरी डबा घेऊन गेले होते. ती बसमधून उतरून शेडमध्ये शिरली तेव्हा ते त्याच खोक्यावर बसलेले दिसले. ठेकेदार येऊन हिशेब सांगेपर्यंत थांबायचं, असं त्यांना कुणीतरी हातवाऱ्यांनी सांगितलं असावं. काल तुटलेला ताणा पहाटेच्या पाळीनं जोडून ठेवला होता. लिऊ मशीनशी उभा राहून डब्यातला कढत चहा फुंकत होता, आणि अमोल हातात कागद घेऊन साहेबांच्या खोलीकडे निघाला होता. तिनं त्याला मध्येच गाठलं. कसं बोलायचं ते तिनं बसमध्ये व्यवस्थित जुळवलं होतं, आधी हे, मग ते. प्रत्यक्षात सगळं उलटंपालटं बाहेर पडलं. "अमोलभाऊ, काल माझी चूक होती. मी यांना तोंड झाकून सांगितलं. यांना ऐकू येत नाही, तोंड बघून कळतं, आणि माझं तोंड झाकलेलं होतं. हे माझे सासरे आहेत." शेवटचं वाक्य गरजेपेक्षा मोठ्यानं गेलं. धागे जोडणाऱ्या बायकांपैकी एकीनं मान वर केली, मग दुसरीनं. एक हेल्पर हातातलं खोकं तसंच धरून थांबला. अमोल तिच्याकडे बघत म्हणाला, "सासरे? पण त्या दिवशी तुम्ही तर..." आणि मग त्यानं वाक्य सोडून दिलं. भला माणूस. पण त्यानं ते पुरं केलं असतं तर बरं, असं तिला वाटलं, कारण आता ते सगळ्यांच्या तोंडावर अर्धं लटकत राहिलं होतं. लंगड्या पायाचा तो शब्द तिला या घटकेला पुरता आला. पाय पुढे पडत नव्हते, मागे घ्यायची सोय नव्हती, आणि बघणारे सगळे बघत होते.

"बरं, सासरे तर सासरे," अमोल म्हणाला. "पण मॅडम, ऐकू येत नाही त्यांना मशीन कसं देऊ? साहेब मला सोडतील का?" हे ती लिऊला चिनीत सांगायला लागली, पण लिऊनं अर्ध्यातच हात वर केला. त्याला बहुतेक कालच उमगलं होतं. या मशीनला घंटा नाही, तो म्हणाला. याच्या सगळ्या खुणा दिव्यांच्या आहेत. कारण आमच्याकडेही जुने विणणारे सगळे असेच झालेत. डोळे चांगले आहेत का, एवढंच विचार. तिनं ते मराठीत केलं. अमोलनं मान खाजवली, हातातल्या कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "समजावा," तो म्हणाला. "माझ्यासमोर समजावा. मग मी बघतो मशीनवर हात कसा चालतो ते."

शेडमधल्या एकूण एक माणसाला आता कळलं होतं. ज्यांच्याविषयी होतं तेवढ्यांनाच कळलेलं नव्हतं. आबा खोक्यावर मान खाली घालून बसले होते, नजर जमिनीवर, आणि धनश्री त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली तशी त्यांनी ती नजर आणखी बाजूला नेली. सुनेचे पाय दिसले, एवढं त्यांना पुरे होतं. तिनं ओढणी काढून कमरेला बांधली. "आबा," ती म्हणाली. आता उघड्या तोंडाचा काय उपयोग? ते बघतच नव्हते, बघणार नव्हते, त्या एका दिवसाखेरीज कधी बघितलं नव्हतं. खांद्याला हात लावून हलवावं, तर सुनेचा हात सासऱ्याच्या पायांपलीकडे जात नसतो. अमोल वाट बघत होता. लिऊ वाट बघत होता. मग धनश्री खाली बसली. तेलानं काळ्या पडलेल्या त्या फरशीवर, मांडी घालून, त्यांची नजर जिथे लागली होती तिथेच. आबांना वाटलं, पाया पडतेय, त्यांचा हात आशीर्वादाला वर आला, आणि मग खाली बघता बघता त्यांना तिचा चेहरा दिसला, उघडा, हातभर अंतरावर. ते दचकले. वळवायला गेले मान, पण वळवली नाही.

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज अजिबात निघत नव्हता. पण आवाजाची गरज नव्हती. नुसत्या ओठांनी, घरात सासूबाई बोलतात तसं, अहिराणीत, तिनं त्यांना सांगितलं की या सगळ्यांना मी सांगून टाकलंय, तुम्ही माझे सासरे आहात म्हणून. त्या दिवशी मी खोटं बोलले, हेही सांगायला तिनं तोंड उघडलं, पण आबांनी हात वर करून तिला थांबवलं. ते सरळ तिच्या तोंडाकडे बघत होते. मशीनच्या त्या आवाजात, बहिऱ्या माणसाच्या बेसुमार मोठ्या आवाजात, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले.

"ते माले माहीत शे, माय. मशीन कसं चालस ते सांग."

धनश्रीनं तोंड पुसलं आणि पिवळ्या दिव्यापासून सांगायला सुरुवात केली.